बाहेरचं बाक

शाल दिली. नारळ दिला.
'नारळ देणे' याचा दुसरा अर्थ
सभागृहात एकट्या मलाच आठवला बहुतेक.
मी हसलो,
आणि सगळ्या फोटोंत तेवढा एकच बरा आला.
तिघांनी मला वटवृक्ष म्हटलं.
वडाखाली दुसरं काही उगवत नाही,
हे आभाराच्या भाषणात सांगणार होतो;
पण अबोलीच्या फातीचा दोरा मानेला काचत होता
आणि बटाटवडे निवत होते.

तीन दिवसांनी फोंड्याला गेलो,
निधीच्या कार्यालयात,
चष्म्याचं घर राहिलं होतं डाव्या ड्रॉवरमध्ये.
माझ्या खुर्चीत सर्वेश कुंडईकर
फोनवर कुणाला तरी समजावत होता.
जायू म्हणाला, "साहेब, तुम्ही थेट जा."
मी म्हटलं, नको. नियम माझाच आहे.
आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसलो.

एकतीस वर्षं हे बाक मी दारातून पाहिलं.
दारातून ते सावलीत दिसतं.
बसल्यावर कळलं,
साडेदहानंतर समोरच्या बँकेच्या काचेवर आपटून
ऊन नेमकं डोळ्यांत येतं.
आत येणारी माणसं
मान खाली घालून, डोळे चोळत का यायची,
मी त्याला संकोच समजत आलो.
एका वार्षिक अहवालात तर लिहिलंय,
'अर्जदारांच्या डोळ्यांत कृतज्ञतेचं पाणी.'

शेजारी साकोर्ड्याची एक बाई.
मांडीवर पिशवी, पिशवीत पिशवी,
तिच्यात कागद.
"तुमचें कितें? किडनी?"
नाही म्हटलं.
"मागीर? शिक्षण?"
मी चष्म्याचं घर म्हणालो,
तिने 'घर' एवढंच ऐकलं.
"घराक दिनात हांगा," ती हळहळली.
"पूण उत्पन्नाचो दाखलो जोडून पळयात.
पयले खेपेक ना म्हणटले. भियेवं नाकात.
आदलो म्हातारो चार खेपो मारूंक लायतालो."

गरज खरी असेल तर माणूस परत येतो.
हे माझं वाक्य.
पंच्याण्णव सालच्या ठरावात आहे,
टाळ्या वाजवून मंजूर.
परत आले ते सगळे आठवतात मला.
उसगावचा ट्रकवाला, खाण बंद पडली तेव्हाचा,
त्याची मुलगी आता परिचारिका आहे.
बोरीचा इनास,
दर बुधवारी मशीनला जायचा, दर गुरुवारी
मला भोपळा आणून द्यायचा.
त्यांची नावं पुस्तिकांत आहेत.
जे परत आले नाहीत
त्यांचे अर्ज डाव्या ड्रॉवरमध्ये,
चष्म्याच्या घराखाली.
त्यांची गरज खोटी होती,
की साकोर्डा ते फोंडा, जाऊन येऊन,
दोघांचं तिकीट, आणि एका दिवसाची मजुरी?
हा हिशेब
कुठल्याच लेखापरीक्षकाने मागितला नाही.
मीही नाही.

"तुमची कितवी खेप?" मी विचारलं.
"चवथी," ती म्हणाली. चक्क आनंदाने.
"आज दितले."
मग माझ्या तोंडाकडे बघून
थोडी सरकली.
"थंय वोत लागता. हांगा यो."
बाकाचं तेवढं एक टोक
खांबाच्या सावलीत असतं,
तिला ठाऊक होतं.

जायूने नाव पुकारलं, शेवंती गांवकर.
उठताना तिने छत्री माझ्या हातात दिली.
"सांबाळात."
लोकांनी मला पुष्कळ काही सांभाळायला दिलं,
ठेवी, शेअर, मेलेल्या बायकोच्या बांगड्या;
पण ते सगळे मी कोण हे जाणून होते.

आत दार लागलं.
ऊन बाकभर पसरलं.
हाताला प्लास्टर घातलेला एक मुलगा
आईबरोबर पायऱ्या चढून आला,
दुसऱ्या टोकाला बसला, डोळे मिटले.
मी सरकलो आणि छत्री उघडली.
दुसऱ्याच्या नावाचा कागद घेऊन बाहेर आलेला जायू
छपराखाली छत्री धरून बसलेल्या म्हाताऱ्याकडे
बघत राहिला,
नाव पुकारायचं विसरून.